जुन्या कागदपत्रांची शोधतां येणारी प्रत
ओसीआरमायपीडीएफ हें मुक्त साधन विंडोज संगणकावर कसें उभारावें व चालवावें

प्रत्येक सहकारी संस्थेच्या दप्तरांत व बहुतेक खातेदारांच्या घरीं कागदांचा एक असा गठ्ठा असतो कीं, जो वर्षांतून एखादे वेळींच लागतो. परंतु ज्या दिवशीं लागतो त्या दिवशीं त्यावांचून सर्व काम अडून राहतें. पाण्याच्या पाळीचा ठराव, पाणीपट्टीच्या पावत्या, मातीपरीक्षणाचे अहवाल, वार्षिक सभेचीं छापील इतिवृत्तें, कर्जमंजुरीचीं पत्रें हे असे कागद होत. अलीकडे पुष्कळ संस्थांनीं हे कागद स्कॅन करून संगणकांत ठेविले आहेत, व त्यामुळें वाळवीचें भय तरी गेलें आहे. परंतु स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे अक्षरांचें केवळ छायाचित्र होय. मनुष्यास तें वाचतां येतें. यंत्रास मात्र त्यांत एकही अक्षर दिसत नाहीं. तीनशें पानांच्या अहवालांत एका सभासदाचें नांव शोधावयाचें झाल्यास तीनशें पानें चाळावींच लागतात. मग कागद लाकडी कपाटांत असला काय किंवा संगणकांत असला काय, शोधणाराचे श्रम सारखेच.

यावर एक सोपा दिसणारा मार्ग असा कीं, एखाद्या परक्या संकेतस्थळावर हे कागद चढवावे व तेथून वाचनीय प्रत उतरवून घ्यावी. परंतु संस्थेच्या कागदांत सभासदांचीं नांवें, कर्जाचे आंकडे व खात्यांचे क्रमांक असतात. ते एकदां परक्या हातीं गेले म्हणजे परत बोलावतां येत नाहींत. म्हणून हें काम आपल्याच संगणकावर, कागद बाहेर न पाठवितां, करतां येईल तर उत्तम. तसें करणारें ओसीआरमायपीडीएफ या नांवाचें एक साधन आहे. तें विनामूल्य आहे व त्याची मूळ घडण सर्वांस पाहण्यास खुली आहे. तें विंडोजवर उभारतांना कांहीं अडचणी येतात. त्यांची कारणें समजून घेतलीं म्हणजे त्या दूर करणें कठीण नाहीं. तीं कारणें व ती कृति यांचा विचार या लेखांत केला आहे.

१. साधनाचें स्वरूप

हें साधन पायथॉन या भाषेंत लिहिलेलें आहे. पायथॉन भाषा नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनीं रचिली व १९९१ सालीं ती प्रथम लोकांपुढें आली. आज जगांतील असंख्य मुक्त साधनें या भाषेंत लिहिलेलीं आहेत. या भाषेंतील साधनांचा एक स्वभाव लक्षांत ठेवावा. नेहमींचा विंडोज प्रोग्रॅम आपल्या पायावर उभा असतो. तो बसविला कीं चालूं लागतो. पायथॉनचें साधन चालण्यास प्रथम पायथॉन स्वतः संगणकावर असावा लागतो, आणि त्या साधनाला लागणारीं इतर पोटसाधनेंही असावीं लागतात. नांगराला जसे बैल, जूं व सापत्या हीं सर्व लागतात तसाच हा प्रकार आहे.

ओसीआरमायपीडीएफ स्वतः अक्षरें ओळखीत नाहीं. तें पीडीएफचें एकेक पान उलगडतें, वांकडें पान सरळ करतें, तें चित्र टेसरॅक्ट नांवाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे देतें, आणि टेसरॅक्टनें ओळखलेलीं अक्षरें मूळ चित्राच्या पाठीमागें अदृश्य थर म्हणून बसवितें. त्यामुळें पान दिसण्यांत पूर्वींसारखेंच राहतें, परंतु त्यांतील शब्द शोधतां येतात व उतरून घेतां येतात. टेसरॅक्टचा आरंभ १९८५ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत झाला. २००५ सालीं तो सर्वांस खुला करण्यांत आला, व २०१८ सालीं निघालेल्या चवथ्या आवृत्तीपासून त्यांत अक्षरें ओळखण्याची नवी, शिकविलेल्या जाळ्याची पद्धति आली. त्याच्यासाठीं मराठीचा स्वतंत्र भाषा-संच उपलब्ध आहे, ही आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट आहे. तिसरा प्रोग्रॅम घोस्टस्क्रिप्ट हा होय. दीर्घकाळ टिकविण्याच्या पीडीएफ-ए या स्वरूपाची प्रत करण्याच्या कामीं तो सामान्यतः उपयोगांत येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. पायथॉनचीं पोटसाधनें आणणारा पिप नांवाचा जो हस्तक आहे तो फक्त पायथॉनच्या जगांतील वस्तु आणतो. टेसरॅक्ट व घोस्टस्क्रिप्ट हे पायथॉनमधील नसल्यामुळें पिप ते आणीत नाहीं. पिपनें “सर्व यथास्थित बसलें” असें सांगितल्यावरही साधन चालत नाहीं, आणि नवा मनुष्य गोंधळून तें सोडून देतो, त्याचें बहुधा हेंच कारण असतें.

२. आरंभापूर्वीं तपासावयाच्या गोष्टी

संगणकाची विंडोज कोणती आहे हें प्रथम पाहावें. पायथॉनच्या ३.९ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहींत, आणि त्यावर चालणारी शेवटची ३.८ ही आवृत्ति २०२४ सालापासून दुरुस्त होत नाहीं. विंडोज १० चा नेहमींचा आधारही मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. म्हणून जमल्यास विंडोज ११ असलेला संगणक या कामीं नेमावा.

दुसरी गोष्ट, संगणक ६४ बिटांचा असावा, आणि पायथॉन, टेसरॅक्ट व घोस्टस्क्रिप्ट हे तीनही ६४ बिटांचेच घ्यावे.

तिसरी गोष्ट, पायथॉनची अगदीं ताजी आवृत्ति निघाल्याबरोबर घेण्याची घाई करूं नये. याचें कारण असें. पिप जीं पोटसाधनें आणतो त्यांपैकीं कांहीं तयार रोपासारखीं असतात. त्यांस व्हील म्हणतात, व तीं आणून लावलीं कीं काम झालें. परंतु नव्या पायथॉनसाठीं तयार व्हील निघण्यास कधीं कधीं अवकाश लागतो. तें न मिळाल्यास पिप बियाणें आणतो, म्हणजे मूळ लिखाण आणून तें आपल्या घरीं रुजवूं पाहतो. त्यासाठीं सी-प्लस-प्लस भाषेचीं अवजारें लागतात. तीं आपल्याजवळ नसतात, आणि मग पडद्यावर लांबलचक तांबडा मजकूर येतो. एक आवृत्ति मागची परंतु अजून दुरुस्त होत असलेली घेतली म्हणजे हा प्रसंग बहुधा येत नाहीं.

चवथी गोष्ट, कामाची जागा. संगणकाच्या सी विभागांत संस्था या अर्थाचा एक फोल्डर करावा. त्याचें नांव रोमन लिपींत, लहान व मध्यें जागा न सोडतां लिहावें. विंडोजमध्यें मार्गाच्या लांबीस सामान्यतः २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे. फोल्डरांत फोल्डर असे दहा थर केल्यास ती ओलांडली जाते. तसेंच नांवांत मोकळी जागा असली म्हणजे आज्ञा तेथें तुटते. पीडीएफच्या फाइलींस मराठी नांवें दिल्यास हरकत नाहीं. परंतु साधनाचा फोल्डर रोमन नांवाचाच ठेवावा हें बरें.

३. उभारणीची कृति

पुढील आज्ञा विंडोजमधील कमांड प्रॉम्प्ट या काळ्या खिडकींत लहान रोमन अक्षरांनीं टाइप करावयाच्या आहेत. येथें त्यांचे उच्चार दिले आहेत.

(अ) पायथॉन. पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या अधिकृत स्थळावरूनच हा उतरवून घ्यावा. नेहमींच्या पद्धतीनें बसवितांना पहिल्याच खिडकीच्या तळाशीं पायथॉनचें नांव ‘पाथ’ मध्यें घालावें काय, अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यावर खूण करावी. पाथ म्हणजे विंडोजनें कोणत्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधावा याची यादी. पाट फोडल्यावांचून वाफ्यांत पाणी जात नाहीं, तसें या यादींत नांव नसल्यास आज्ञा प्रोग्रॅमपर्यंत पोंचत नाहीं. बसविल्यावर पी व वाय हीं दोन अक्षरें, मग मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि व्हर्जन हा शब्द लिहून एंटर दाबावें. आवृत्तीचा अंक दिसला म्हणजे पहिली पायरी झाली. पी-वाय ऐवजीं पायथॉन असा पूर्ण शब्द लिहिल्यास कधीं कधीं मायक्रोसॉफ्टचें दुकान उघडतें. तो बिघाड नव्हे. पायथॉन न सांपडल्यास दुकान उघडण्याची विंडोजचीच ती योजना आहे.

(आ) टेसरॅक्ट. जर्मनींतील मॅनहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयानें विंडोजसाठीं याची बांधणी करून ठेविली आहे, ती घ्यावी. बसवितांना घटकांची यादी येते. तींत अधिक भाषांच्या सदराखालीं मराठीवर खूण करण्यास विसरूं नये. न केल्यास फक्त इंग्रजी येते, आणि मराठी पानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा सडा पडतो. भाषा-संच त्याच वेळीं इंटरनेटवरून येतो. म्हणून जोडणी चालू असावी. खूण राहून गेलीच तर एम-ए-आर या नांवाची मराठीची फाइल टेसरॅक्टच्या अधिकृत भांडारांतून आणून त्याच्या टेसडेटा या फोल्डरांत ठेविली तरी चालते. नंतर टेसरॅक्टच्या फोल्डरांत जाऊन “टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज” ही आज्ञा द्यावी. उत्तराच्या यादींत एम-ए-आर, ई-एन-जी व ओ-एस-डी हीं तीन नांवें दिसलीं पाहिजेत. यांपैकीं शेवटचा संच पान उलटें आहे कीं सुलटें हें ओळखण्यासाठीं लागतो.

(इ) घोस्टस्क्रिप्ट. आर्टिफेक्स या कंपनीच्या अधिकृत स्थळावरून ६४ बिटांची आवृत्ति घेऊन बसवावी. हा व टेसरॅक्ट हे दोनही प्रोग्रॅम विंडोजच्या नेहमींच्या प्रोग्रॅम फाइल्स या जागींच बसवावे. ओसीआरमायपीडीएफ त्यांस तेथें स्वतः शोधून काढतें. पाथमध्यें त्यांचीं नांवें घालण्याची खटपट करावी लागत नाहीं.

(ई) स्वतंत्र वाफा. आतां साधनासाठीं एक वेगळी जागा करावयाची. पायथॉनमध्यें तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. एका वाफ्यांतील रोपें दुसऱ्यांत मिसळूं नयेत म्हणून आपण बांध घालतों, तोच हेतु येथें आहे. पुढें संगणकावर दुसरें एखादें पायथॉन साधन बसविलें व त्याला एखाद्या पोटसाधनाची निराळी आवृत्ति लागली, तरी या साधनास धक्का लागत नाहीं. आज्ञा अशी: “पी-वाय -एम व्हेन्व” व त्यापुढें जागेचें पूर्ण नांव, उदाहरणार्थ सी विभागांतील संस्था फोल्डरांत वाचन नांवाचा फोल्डर. क्षणभरांत तो फोल्डर तयार होतो व त्यांत स्क्रिप्ट्स नांवाचा पोटफोल्डर दिसतो.

पुष्कळ पुस्तकांत यापुढें ही जागा ‘ॲक्टिव्हेट’ करावी असें लिहिलेलें असतें. पॉवरशेल या निळ्या खिडकींत तसें करूं गेल्यास विंडोज पुष्कळदां सुरक्षेच्या कारणास्तव नकार देते. तो नियम सैल करण्यापेक्षां त्या वाटेस न जाणेंच सोपें आहे. स्क्रिप्ट्स फोल्डरांतील पायथॉनलाच त्याच्या पूर्ण नांवानें हांक मारावी म्हणजे ॲक्टिव्हेट करण्याचें कारणच उरत नाहीं.

(उ) साधन आणणें. वरील वाचन फोल्डरांतील स्क्रिप्ट्समधील पायथॉनचें पूर्ण नांव लिहून त्यापुढें “-एम पिप इन्स्टॉल ओसीआरमायपीडीएफ” असें लिहावें. शेवटचा शब्द ओ, सी, आर, एम, वाय, पी, डी, एफ या आठ अक्षरांचा आहे. तो काळजीपूर्वक लिहावा. कारण सुप्रसिद्ध साधनांच्या नांवाशीं एका अक्षराचाच फरक असलेलीं खोटीं साधनें भांडारांत घुसविण्याचे प्रकार जगांत अनेकदां घडले आहेत. काम संपल्यावर स्क्रिप्ट्स फोल्डरांत या साधनाच्या नांवाची चालविण्याजोगी फाइल दिसेल. तिचें पूर्ण नांव व पुढें “--व्हर्जन” लिहून आवृत्ति पाहावी. ती दिसली म्हणजे उभारणी पुरी झाली.

४. प्रत्यक्ष चालविणें

स्कॅन करतांना इंचास ३०० ठिपके हें प्रमाण ठेवावें. त्याहून विरळ स्कॅनमध्यें मात्रा, अनुस्वार व रफार पुसट होतात, आणि देवनागरींत अर्थ त्यांवरच अवलंबून असतो. कागदाची सुरकुती हातानें काढून मगच तो कांचेवर ठेवावा. बियाणें निवडून पेरावें तसें हें आहे. मागाहून केलेल्या उपायांनीं तितका गुण येत नाहीं.

आज्ञेचे भाग पुढीलप्रमाणें असतात: प्रथम साधनाचें पूर्ण नांव, मग “-एल” व भाषा, मग हव्या त्या सूचना, मग मूळ फाइल, आणि शेवटीं नव्या फाइलचें नांव. मराठी व इंग्रजी दोन्ही असलेल्या कागदासाठीं भाषेच्या जागीं एम-ए-आर, अधिकाचें चिन्ह, ई-एन-जी असें लिहावें. उपयुक्त सूचना या:

“--डेस्क्यू” या सूचनेनें तिरपें पान सरळ होतें.

“--रोटेट-पेजेस” या सूचनेनें आडवें किंवा उलटें पान फिरविलें जातें.

“--स्किप-टेक्स्ट” या सूचनेनें ज्या पानांवर आधींच खरीं अक्षरें आहेत तीं वगळलीं जातात. ही सूचना नसतां असें पान भेटल्यास साधन काम थांबवितें. तें योग्यच आहे, कारण चांगल्या अक्षरांवर ओळखलेल्या अक्षरांचा थर चढविणें हें नुकसान होय.

“--साइडकार” या सूचनेपुढें एक नांव दिल्यास ओळखलेला सर्व मजकूर साध्या फाइलींतही मिळतो. तो नोटपॅडमध्यें उघडून पाहतां येतो.

मूळ व नवी या फाइलींस एकच नांव कधींही देऊं नये. मूळ स्कॅन जसेंच्या तसें राहिलें पाहिजे.

प्रत्येक वेळीं एवढी लांब आज्ञा लिहिणें चिटणीसांस जाचक होईल. म्हणून नोटपॅडमध्यें तीच आज्ञा एकदां लिहून ती बॅच फाइल म्हणून, म्हणजे शेवटीं टिंब व बी-ए-टी हीं अक्षरें देऊन, ठेवावी. तींत मूळ फाइलच्या जागीं टक्क्याचें चिन्ह, लहरीचें चिन्ह व इंग्रजी अंक एक हीं तीन चिन्हें दुहेरी अवतरणांत लिहावीं. नव्या नांवाच्या जागीं टक्का, लहर, डी-पी-एन हीं अक्षरें व इंग्रजी अंक एक लिहून त्यापुढें एक आडवी रेघ, ओसीआर, टिंब व पीडीएफ लिहावें, हेंही अवतरणांत. शेवटच्या ओळींत पॉज हा शब्द लिहावा, म्हणजे काम संपल्यावर खिडकी आपोआप मिटत नाहीं व कांहीं चूक झाली असल्यास ती वाचतां येते. मग कोणतीही पीडीएफ माउसनें ओढून या बॅच फाइलच्या चित्रावर सोडली कीं शेजारींच तिची शोधतां येणारी प्रत तयार होते. इतकें झाल्यावर आज्ञांचा गंध नसलेल्या मनुष्यासही हें काम करतां येतें.

प्रथम दहाच पानांची फाइल चालवून पाहावी. किती वेळ लागतो व अक्षरें कशीं उमटतात याचा अंदाज त्यावरून येतो. जाडजूड अहवाल रात्रीं लावून ठेवावा, व तत्पूर्वीं संगणक आपोआप झोंपणार नाहीं अशी व्यवस्था करावी.

५. दुसऱ्या संगणकांवर नेणें

एका संगणकावर साधन चालूं लागलें म्हणजे शेजारच्या गांवची संस्था तें मागते. येथें पहिला मोह असा होतो कीं, वाचन हा फोल्डरच पेनड्राइव्हवर घालून द्यावा. तसें केल्यास तें चालत नाहीं. त्या फोल्डराच्या आंत मूळ पायथॉन कोठें आहे त्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, व स्क्रिप्ट्समधील फाइलींतही तो कोरलेला असतो. दुसऱ्या यंत्रावर तो पत्ता खोटा ठरतो. वाफा उचलून नेतां येत नाहीं. नव्या जमिनींत नवाच करावा लागतो.

ज्या गांवीं इंटरनेट मंद आहे तेथें पुढील रीत सर्वांत चांगली. चांगली जोडणी असलेल्या यंत्रावर पिपला “इन्स्टॉल” ऐवजीं “डाउनलोड” ही आज्ञा द्यावी व “-डी” पुढें एका फोल्डराचें नांव द्यावें. सर्व व्हील त्या फोल्डरांत जमा होतात. तो फोल्डर आणि पायथॉन, टेसरॅक्ट, घोस्टस्क्रिप्ट यांच्या बसविण्याच्या फाइली व मराठीची भाषा-फाइल एका पेनड्राइव्हवर घ्याव्या. दुसऱ्या गांवीं वरील (अ) ते (ई) या पायऱ्या करून पिप इन्स्टॉलच्या आज्ञेंत “--नो-इंडेक्स” व “--फाइंड-लिंक्स” आणि त्या फोल्डराचें नांव घालावें. मग पिप बाहेर न जातां पेनड्राइव्हवरूनच सर्व घेतो. दोनही यंत्रांवर पायथॉनची आवृत्ति एकच असली पाहिजे, एवढी अट लक्षांत ठेवावी.

दुसरी रीत पायइन्स्टॉलर या साधनाची. हें साधन पायथॉन, पोटसाधनें व आपलें लिखाण यांची एकत्र शिदोरी बांधून देतें. मग समोरच्या यंत्रावर पायथॉन नसला तरी चालतें. शिदोरी एका फोल्डराची किंवा एकाच फाइलची करतां येते. एका फाइलची शिदोरी दिसण्यास सुटसुटीत असली तरी ती प्रत्येक वेळीं तात्पुरत्या जागेंत उलगडावी लागते, म्हणून सुरू होण्यास वेळ घेते. विंडोजसाठींची शिदोरी विंडोजवरच बांधावी लागते. लहान व स्वतंत्र साधनांस ही रीत उत्तम आहे.

परंतु ओसीआरमायपीडीएफच्या बाबतींत तींत तीन अडचणी आहेत. पहिली, हें साधन आपले कांहीं भाग चालतेवेळीं नांवानें शोधून बोलावतें. पायइन्स्टॉलरला ते लिखाणांत सरळ दिसत नसल्यामुळें शिदोरींत घ्यावयाचे राहून जातात. ते सर्व घ्यावे अशी “--कलेक्ट-ऑल” ही सूचना मुद्दाम द्यावी लागते. दुसरी, टेसरॅक्ट व घोस्टस्क्रिप्ट हे पायथॉनबाहेरचे असल्यामुळें शिदोरींत येत नाहींत. ते प्रत्येक यंत्रावर बसवावेच लागतात. तिसरी, अशा बांधलेल्या फाइलींवर विषाणुप्रतिबंधक प्रोग्रॅम पुष्कळदां विनाकारण संशय घेतात, कारण खोडसाळ लोकही तीच बांधणी वापरतात. ज्या संस्थांस पडद्यावरील तांबडी सूचना पाहूनच धडकी भरते त्यांस अशी फाइल देऊन विश्वास संपादन होत नाहीं. या कामीं पेनड्राइव्हची पहिली रीतच बरी.

बाहेरून घेतलेली फाइल कोणी मध्यें बदललेली नाहीं ना, हें पाहण्याचीही सोय आहे. पुष्कळ अधिकृत स्थळांवर फाइलची एसएचए-२५६ ही ओळखखूण छापलेली असते. आपल्या यंत्रावर “सर्टयूटिल -हॅशफाइल” ही आज्ञा, पुढें फाइलचें नांव व एसएचए२५६ असें लिहिल्यास आपल्या फाइलची खूण निघते. दोन्ही खुणा अक्षरशः जुळल्या तरच फाइल चालवावी. विंडोजनें अनोळखी फाइलविषयीं धोक्याची सूचना दिली असतां ही पडताळणी न करतां पुढें जाऊं नये.

परवान्याविषयींही एक शब्द सांगणें अवश्य आहे. मुक्त साधन म्हणजे बेवारस साधन नव्हे. ओसीआरमायपीडीएफ मोझिला सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखालीं, टेसरॅक्ट अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखालीं व घोस्टस्क्रिप्टची विनामूल्य आवृत्ति अफेरो जनरल पब्लिक परवान्याखालीं मिळते. आपल्या संस्थेंत वापरण्यास यांपैकीं कोणताही परवाना आड येत नाहीं. परंतु बांधणी करून इतरांस वांटतांना परवान्याची प्रत जोडणें, मूळ लिखाण कोठें मिळेल तें सांगणें, अशा अटी पाळाव्या लागतात. व अफेरो परवान्याच्या अटी त्यांत अधिक कडक आहेत. म्हणून घोस्टस्क्रिप्ट आपल्या वस्तूंत मिसळून न वांटतां ज्यानें त्यानें मूळ स्थळावरून घ्यावा हें श्रेयस्कर.

६. वाचलेल्या अक्षरांवर किती विसंबावें

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. यंत्रानें ओळखलेलें अक्षर म्हणजे यंत्राचा तर्क होय. स्वच्छ छापील मराठी पानावर तो चांगला चालतो. जुन्या टाइपावर, फिक्या शाईवर किंवा रकान्यांच्या तक्त्यावर तो चुकतो. हस्तलिखितासाठीं टेसरॅक्ट बनविलेलाच नाहीं, आणि त्याच्या अधिकृत भाषा-संचांत मोडीचा संच नाहीं. तेव्हां हातानें लिहिलेलीं जुनीं इतिवृत्तें किंवा मोडी कागद यांतून घालून वाचनीय होतील अशी आशा धरूं नये. त्यांसाठीं विषय व तारीख यांची सूचि हातानेंच करावी.

शब्दांत एखादी मात्रा चुकली तर वाचणारा ती सुधारून घेतो. आंकड्यांचें तसें नाहीं. एकाच्या जागीं नऊ झाला किंवा एक शून्य गळलें तरी तो आंकडा आंकडाच दिसतो, आणि सभासदाच्या कर्जाची बाकी किंवा गटाचें क्षेत्र बदलून जातें. म्हणून नियम असा ठेवावा: या प्रतीचा उपयोग फक्त पान शोधण्यासाठीं करावा; पान सांपडल्यावर आंकडा नेहमीं चित्रांतून डोळ्यांनीं वाचावा, आणि वादाचा प्रश्न असल्यास मूळ कागद काढावा. उतरून घेतलेला मजकूर तसाच्या तसा ठरावांत, नोटिशींत किंवा अर्जांत घालूं नये. मूळ कागद स्कॅन झाल्यामुळें निरुपयोगी झाला असें समजून तो रद्दींत देणें हा तर मोठाच अविचार होय.

शोधतांनाही थोडें चातुर्य लागतें. पूर्ण नांव न सांपडल्यास त्याचा जोडाक्षर नसलेला भाग घालून पाहावा, किंवा गांवाचें नांव घालून शोधावें. “सांपडलें नाहीं” याचा अर्थ “नाहींच” असा कधींही करूं नये.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा तशीच स्वाक्षरी असलेला कोणताही दाखला या साधनांतून काढूं नये. फाइलींत बदल झाला कीं ती स्वाक्षरी बाद होते. साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्या अशी फाइल पाहून स्वतःच नकार देतात. तो नकार मोडून पुढें जाऊं नये. असे दाखले वेगळ्या फोल्डरांत जसेच्या तसे ठेवावे.

७. पुढील व्यवस्था

या साधनास पैशाचा खर्च नाहीं, परंतु निगा लागते. अनेक संस्थांत संगणकाचें काम एका हौशी तरुणाच्या हातीं असतें. तो नोकरीनिमित्त शहरांत गेला, किंवा संगणक बदलला, कीं सर्व व्यवस्था कोलमडते, आणि दोन वर्षांनीं कोणासच कांहीं आठवत नाहीं. हें टाळण्यासाठीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, पिपच्या “फ्रीझ” या आज्ञेनें सर्व पोटसाधनांची आवृत्तींसह यादी निघते. ती एका फाइलींत ठेवावी. त्याच आवृत्त्या पुन्हां बसवावयाच्या झाल्यास ती यादीच पुरे होते. दुसरी, वर सांगितलेला पेनड्राइव्ह व त्याची आणखी एक प्रत दप्तरांत जपून ठेवावी. तिसरी, कोणता प्रोग्रॅम, कोणती आवृत्ति, कोणत्या फोल्डरांत, व बॅच फाइलींत कोणती ओळ आहे हें एका साध्या कागदावर मराठींत लिहून तो कागद दप्तराच्या यादीस जोडावा. चालू असलेलें साधन वारंवार नवें करीत बसूं नये. तथापि सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठीं वर्षांतून एकदां, पेरणीची घाई नसतांना, नव्या फोल्डरांत नवी उभारणी करून पाहावी, व ती चालल्याची खात्री झाल्यावरच जुनी काढावी.

ज्या ठरावावर पाण्याची पाळी ठरली तो ठराव वेळेवर सांपडला नाहीं, तर वाद कागदावर न मिटतां बांधावर जातो, आणि त्याची किंमत दोन्ही घरांस द्यावी लागते. पांच-सहा तासांच्या उभारणीनें व कांहीं रात्रींच्या यंत्राच्या कामानें संस्थेचें छापील दप्तर हाताशीं येत असेल, तर हा उद्योग अवश्य करण्यासारखा आहे. ज्या संस्थांत एक बरा संगणक व एक स्कॅनर आहे त्यांच्या चिटणीसांनीं यंदाच्या उन्हाळ्यांत प्रथम मागील पांच वर्षांचे छापील अहवाल घेऊन आरंभ करावा, व तो यशस्वी झाल्यावर शेजारच्या संस्थेसही ही रीत दाखवावी.